इंटरनेट नसलेल्या वर्गात थांबून प्रश्न विचारणारा व्हिडिओ: कसा बनवावा, कसा चालवावा?

आठवी_विज्ञान

मंडळी नमस्कार,

आठवीला धाराविद्युत शिकवताना वापरायला एक छोटा व्हिडिओ तयार करायचा आहे. दोन बल्ब एकसर जोडणीत, कळ, घट आणि अमीटर, एवढाच प्रयोग. पण नुसता बघत बसायचा व्हिडिओ नको. तो मध्ये थांबावा, मुलांना प्रश्न विचारावा, उत्तर चुकलं तर समजावणारा वेगळा भाग दाखवावा आणि कोणाचं काय चुकलं ते नंतर मला कळावं.

हाताशी असलेलं सामान: ८ इंची १२ अँड्रॉइड टॅब (जुने, २ जीबी रॅम), विंडोजचा एक लॅपटॉप, ४३ इंची टीव्ही, चित्रीकरणाला साधा स्मार्टफोन. पट ३६. शाळेत इंटरनेट नाही असंच धरा, रेंज फक्त गच्चीवर मिळते. खर्च फार तर दोन-अडीच हजार रुपये करता येईल.

व्हिडिओ किती लांबीचा असावा, प्रश्न कुठे टाकावेत, कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं आणि १२ टॅबवर तो एकाच वेळी कसा चालवावा, हे नेमकं सांगितलंत तर काम सुरू करता येईल.

---

प्रश्नपेढी

सॉफ्टवेअरचं नंतर बघू. आधी व्हिडिओ कुठे थांबवायचा ते ठरवा, कारण सगळं चित्रीकरण त्या थांब्यांच्या हिशेबाने करावं लागतं. तयार व्हिडिओ घेऊन त्यात प्रश्न खुपसले की ते नेहमी 'आत्ता काय सांगितलं?' या धर्तीचे होतात. त्यातून मुलाने ऐकलं एवढंच कळतं, समजलं की नाही ते कळत नाही.

एकसर जोडणीतली पक्की रुजलेली चुकीची समजूत म्हणजे 'पहिला बल्ब थोडी वीज खातो, मग दुसऱ्याला कमी उरते'. तुमचा व्हिडिओ हिच्यावर बेतलेला असू दे. सिडनी विद्यापीठात डेरेक मुलर यांनी २००८ साली पूर्ण केलेल्या पीएचडीच्या कामात हेच दिसलं होतं. भौतिकशास्त्राचा नुसता स्वच्छ, बिनचूक खुलासा विद्यार्थ्यांना 'सोपा' वाटतो, पण त्यांची जुनी समजूत जागची हलत नाही. चुकीची समजूत आधी उघडपणे मांडून मग खोडली तर व्हिडिओ गोंधळाचा वाटतो, पण शिकणं जास्त होतं.

मी आराखडा असा करेन:

०:०० ते ०:४०: परिपथ दाखवा, कळ उघडी ठेवा. शेवटच्या पाच सेकंदांत आवाजात प्रश्न विचारा: 'कळ दाबली तर कोणता बल्ब जास्त उजळेल?'

०:४० पहिला थांबा: भाकीत. पर्याय तीन: घटाच्या धन टोकाकडचा, ऋण टोकाकडचा, दोन्ही सारखे. इथे बरोबर-चूक दाखवायचं नाही. भाकितालाच लाल फुली मिळाली की मुलं पुढच्या वेळी विचार न करता अंदाज मारतात. पर्याय निवडण्याआधी वहीत एका ओळीत कारण लिहायला सांगा.

०:४१ ते १:१५: कळ दाबा. दोन्ही बल्ब सारखे. लगेच बल्बांच्या जागा अदलाबदल करून पुन्हा दाखवा, नाहीतर 'तो बल्बच तसा असेल' ही पळवाट शिल्लक राहते.

१:१५ दुसरा थांबा, याला गुण द्या: पहिल्या बल्बाच्या आधी अमीटर समजा २२० मिलिअँपिअर दाखवतोय. तोच दोन बल्बांच्या मध्ये लावला तर? पर्याय: २२०, ११०, २२० पेक्षा थोडं कमी, शून्य. ११० निवडणाऱ्या मुलाने वाटणी केलेली असते, 'थोडं कमी' म्हणणाऱ्याने बल्बाला वीज खाऊ घातलेली असते. चुकीचा प्रत्येक पर्याय असा कुठल्यातरी खऱ्या विचारातून आलेला असावा. 'वरीलपैकी नाही' यातून काहीच हाती लागत नाही.

१:१६ ते २:४०: चुकलेल्यांसाठीचा भाग. अमीटर तीन जागी लावून तीन वाचनं, सावकाश. बरोबर उत्तर देणारे थेट २:४० वर जातील.

२:४० ते ३:५०: सगळ्यांसाठी. तिन्ही वाचनं एका चौकटीत, मग खुलासा: प्रभार संपत नाही, ऊर्जा दिली जाते.

३:५० तिसरा थांबा: नवी परिस्थिती. एक बल्ब होल्डरमधून काढला तर दुसऱ्याचं काय होईल? आणि मग चौथा प्रश्न: तिसरा तसाच बल्ब एकसर जोडला तर अमीटरचं वाचन वाढेल, घटेल की तेवढंच राहील? 'विद्युतधारा सगळीकडे सारखी' एवढंच पाठ केलेली मुलं इथे 'तेवढंच' म्हणतात. ती कोण ते तुम्हाला इथे कळेल.

एकूण पाच मिनिटांच्या आत. 'सहा मिनिटांचा नियम' तुम्ही ऐकला असेल. तो २०१४ साली ग्वो, किम आणि रुबिन यांनी एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या ६९ लाख बघण्याच्या सत्रांचा अभ्यास केला, त्यातून आला. तिथले प्रेक्षक घरी एकटे बसून शिकणारे होते. तुमच्या वर्गात तुम्ही समोर उभे असता, म्हणून सहा मिनिटं ही लक्ष्मणरेषा मानू नका. दोन थांब्यांमधलं अंतर मात्र (चुकलेल्यांचा जादा भाग सोडून) दीड मिनिटाच्या वर जाऊ देऊ नका. श्पुनार, खान आणि शॅक्टर यांच्या २०१३ च्या प्रयोगात २१ मिनिटांचं संख्याशास्त्राचं व्याख्यान चार तुकड्यांत दाखवलं होतं. ज्यांची प्रत्येक तुकड्यानंतर छोटी चाचणी झाली त्यांचं मन कमी भरकटलं आणि टिपणं जास्त निघाली. फायदा थांबून आठवायला लावण्यात आहे. बटणं, चित्रं उडणं, टाळ्यांचे आवाज यांत नाही. ते सगळं वगळा.

---

तार_आणि_भिंग

चित्रीकरणाबद्दल लिहितो. हा प्रयोग कॅमेऱ्यासमोर हमखास फसतो, आणि फसला की नेमकी चुकीची समजूत पक्की होते.

बल्ब तारेचे घ्या, एलईडी नकोत. विजेरीचे २.५ व्होल्ट, ०.३ अँपिअरचे, एकाच पाकिटातले निदान सहा विकत घ्या आणि त्यातले जुळणारे दोन निवडा. स्वस्त बल्बांच्या तारेचा रोध सारखा नसतो. एकसर जोडणीत जास्त रोधाचा बल्ब जास्त उजळतो, आणि मुलं म्हणतात, 'बघा, एकाला जास्त मिळाली!' निवडायची रीत सोपी: दोन दोन बल्ब एकसर लावून काळ्या कागदासमोर धरा, फरक लगेच दिसतो.

घट १.५ व्होल्टचे दोन, नवे. म्हणजे प्रत्येक बल्बाला साधारण दीड व्होल्ट मिळेल आणि धारा सव्वादोनशे मिलिअँपिअरच्या आसपास राहील. म्हणून अमीटर ० ते ५०० मिलिअँपिअरचा घ्या. शाळेतला ० ते ३ अँपिअरचा लावला तर काटा जेमतेम हलतो आणि तीन वाचनं सारखी आहेत की नाहीत ते पडद्यावर समजतच नाही. जुने घट वापरू नका. चित्रीकरण चालू असताना व्होल्टता उतरते, तिसरं वाचन पहिल्यापेक्षा कमी येतं आणि तुमचा सगळा मुद्दा कोसळतो. दोन वाचनांच्या मध्ये कळ उघडी ठेवा. काट्याचा अमीटर असेल तर कॅमेरा काट्याच्या बरोबर समोर. तिरक्या कोनातून वाचन दहा-वीस मिलिअँपिअरने सरकलेलं दिसतं.

आता फोन. कॅमेऱ्याचं स्वयंचलित एक्स्पोजर हा इथला सर्वांत मोठा घोटाळा. बल्ब पेटला की फोन चित्र आपोआप काळवंडतो, विझला की उजळतो. मग उजेडाची तुलना करण्यात अर्थच राहत नाही. पेटलेल्या बल्बावर बोट दाबून ठेवा, फोकस आणि एक्स्पोजर दोन्ही लॉक होतात, मग रेकॉर्डिंग सुरू करा. खोली निम्मी अंधारी ठेवा. रेकॉर्डिंग १०८० वर, सेकंदाला २५ फ्रेम मिळत असतील तर २५ (आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट लुकलुकत नाही), नाहीतर ३० चालेल. फोनच्या सेटिंगमध्ये 'एचईव्हीसी' किंवा 'एच.२६५' (व्हिडिओ दाबून साठवायची नवी पद्धत) चालू असेल तर बंद करून एच.२६४ निवडा. जुन्या टॅबवर एच.२६५ चा आवाज येतो आणि चित्र काळं राहतं.

आवाज चित्राबरोबर घेऊ नका. नंतर वेगळा रेकॉर्ड करा, पंखा बंद करून, तोंडापासून वीतभर अंतरावर, समोर आणि बाजूला गोधडी किंवा जाड चादर टांगून. कॉलरला लावायचा माइक घेणार असाल तर पिनवर तीन काळ्या रेघा आहेत ना ते बघून घ्या. दोन रेघांची पिन कॅमेऱ्याची असते, फोन ती माइक म्हणून ओळखत नाही आणि मुकाट्याने स्वतःच्याच माइकवर रेकॉर्ड करत राहतो. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये सर्वांत मोठा आवाज उणे ३ डेसिबलपर्यंत आणा, एवढं पुरे. पार्श्वसंगीत नको.

आणि प्रत्येक थांब्याच्या जागी दीड-दोन सेकंद स्थिर, मुकं चित्र सोडा. नाहीतर व्हिडिओ शब्द अर्धवट तोडून थांबतो.

---

जोडकाम

वरच्या दोघांचं झालं की माझं काम सुरू होतं. क्रम असा.

फाइल हलकी करणे. हँडब्रेक (मोफत) उघडा. एमपी४, एच.२६४, उंची ४८० ओळी, गुणवत्ता आरएफ २४ ते २६, फ्रेमरेट २५ आणि त्याखाली 'कॉन्स्टंट'. हा 'कॉन्स्टंट' विसरू नका. फोन फ्रेमरेट कमीजास्त करत रेकॉर्ड करतात, त्यामुळे आवाज हळूहळू मागे-पुढे सरकतो. आवाज एएसी, मोनो, ६४ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट). चित्र आणि आवाज मिळून साधारण ४६० केबीपीएसवर बसलं तर मिनिटाला साडेतीन एमबी पडतात, म्हणजे तुमचा पूर्ण व्हिडिओ १७-१८ एमबी.

दोन खुणा बहुतेक जण सोडून देतात. पहिली 'वेब ऑप्टिमाइज्ड'. ती नसेल तर फाइलची अनुक्रमणिका शेवटी राहते आणि ब्राउझर व्हिडिओ सुरू करायला उशीर लावतो. दुसरी कीफ्रेमची, म्हणजे पूर्ण चित्र साठवलेल्या फ्रेमची. नेहमीच्या सेटिंगला दोन कीफ्रेममध्ये दहा सेकंदांपर्यंत अंतर पडू शकतं. उत्तरानंतर व्हिडिओ २:४० वर उडी मारणार म्हटल्यावर जुना टॅब मागच्या कीफ्रेमपासून सगळं उलगडत बसतो आणि चित्र दोन-तीन सेकंद गोठतं. हँडब्रेकच्या 'व्हिडिओ' विभागातल्या जादा पर्यायांच्या रकान्यात कीइंट ५० द्या, म्हणजे दर दोन सेकंदांना कीफ्रेम. फाइल किंचित वाढते, वाढू द्या.

प्रश्न बसवणे. एच५पी वापरा. २०१३ पासूनचं मुक्तस्रोत साधन आहे आणि त्यातला 'इंटरॅक्टिव्ह व्हिडिओ' हा प्रकार तुमच्या कामाचा. तो लॅपटॉपवर बनवायला लुमी हे मोफत ॲप. पहिल्यांदा इंटरनेट लागतं (प्रकार उतरवून घ्यायला), त्यानंतर सगळं ऑफलाइन. यूट्यूबचा दुवा देऊ नका, फाइलच अपलोड करा. शाळेत नेट नाही हे एक कारण, दुसरं म्हणजे परक्या जागेवर बांधलेलं टिकत नाही. यूट्यूबने १५ जानेवारी २०१९ रोजी व्हिडिओवरच्या सगळ्या जुन्या भाष्यचौकटी काढून टाकल्या, त्यात कित्येकांचे प्रश्नांचे व्हिडिओ मुके झाले. २०२० अखेर फ्लॅश बंद झाला तेव्हा शाळांच्या सीडींचं तेच झालं. एच५पीची फाइल म्हणजे साधी झिप असते, आतला व्हिडिओ आणि मजकूर केव्हाही बाहेर काढता येतो.

भाकितासाठी बहुपर्यायी प्रश्न घेऊ नका, तो बरोबर-चूक दाखवणारच. 'क्रॉसरोड्स' घ्या. त्यात प्रत्येक पर्यायाला 'या वेळेवर जा' असं सांगायचं असतं. तिन्हींना ०:४१ द्या. गुण नाहीत, फुली नाही, व्हिडिओ पुढे जातो.

१:१५ चा प्रश्न बहुपर्यायी. 'पॉज व्हिडिओ'ची खूण तपासा. दिसण्याचा प्रकार 'बटण' नको, 'पोस्टर' ठेवा. बटण ठेवलं तर व्हिडिओ थांबतो, कोपऱ्यात एक गोल टिंब दिसतं आणि मुलं 'अडकला, अडकला' म्हणतात. पोस्टरखाली 'लहान पडद्यावर बटण दाखवा' अशी एक खूण असते, ती काढा. खालच्या 'अडॅप्टिव्हिटी'त बरोबर उत्तराला २:४०, चुकीच्याला १:१६ आणि एक ओळीचा संदेश: 'अमीटर तीन जागी लावून बघू.' प्रश्नपेढी यांनी चुकलेल्यांचा भाग प्रश्नाच्या लगेच पुढे ठेवलाय ते फार सोयीचं आहे. तोच भाग व्हिडिओच्या शेवटी ठेवला तर परत यायला आणखी एक क्रॉसरोड्स लागतो आणि मुलं तिथून भलतीकडे जातात.

'पूर्ण गुण मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नये' हा पर्याय इथे लावू नका, चुकल्यावर उडी मारण्याशी तो जुळत नाही. दुसरीकडे कुठे लावलात तर 'पुन्हा प्रयत्न' बटण चालू ठेवा. ते बंद असेल तर एकदा चुकलेलं मूल तिथेच अडकून पडतं. व्हिडिओ आपोआप सुरू होईल अशी अपेक्षा ठेवू नका. आवाज असलेला व्हिडिओ कोणी बोट लावल्याशिवाय ब्राउझर सुरू करत नाहीत.

मराठी मजकूर. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटमधला मजकूर चिकटवला तर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. युनिकोडमध्येच लिहा. रिकाम्या जागा भरण्याच्या प्रकारात उत्तर दोन तारकांच्या मध्ये लिहितात, तिरकी रेघ म्हणजे 'किंवा', विसर्गासारखी दोन टिंबं म्हणजे पुढे सूचना. त्यामुळे पाऊण हा अपूर्णांक तिरकी रेघ देऊन लिहिला की यंत्र त्याची दोन वेगळी उत्तरं समजतं. अपूर्णांक असतील तिथे बहुपर्यायी प्रश्न बरा. देवनागरी आकडे आणि इंग्रजी आकडे यंत्राला वेगळे, तेव्हा दोन्ही रूपं 'किंवा' लावून द्या. 'अँपिअर', 'ॲसिड' यांतला पहिला वर्ण दोन पद्धतींनी टाइप होतो. दिसायला सारखा, पण यंत्र चूक देतं. आठवीच्या मुलांना टॅबवर मराठी टाइप करायला लावण्यात वेळही जातो. माझं स्पष्ट मत: या व्हिडिओत रिकाम्या जागा घालूच नका.

---

आठवी_विज्ञान

सगळ्यांचे आभार. बल्ब निवडायची रीत आणि क्रॉसरोड्सची युक्ती दोन्ही लगेच वापरतो.

पुढचा प्रश्न: लुमीतून एचटीएमएल फाइल काढता येते असं दिसतंय. ती प्रत्येक टॅबवर कॉपी करून थेट उघडली तर काम होईल का? आणि गुण कुठे साठतील?

---

जोडकाम

थेट उघडू नका. लुमी दोन तऱ्हांनी एचटीएमएल देतं. एकात पान वेगळं आणि व्हिडिओ वेगळा. अँड्रॉइडवर फाइल ॲपमधून पान उघडलं की ब्राउझरला फक्त तेवढंच पान मिळतं, शेजारची व्हिडिओ फाइल वाचायची परवानगी नसते. प्रश्न दिसतील, चित्राच्या जागी रिकामी चौकट. दुसऱ्यात सगळं एकाच फाइलमध्ये कोंबलेलं. तसं करताना व्हिडिओचं अक्षरांत रूपांतर होतं, आकार एक तृतीयांशाने वाढतो आणि ती पूर्ण फाइल रॅममध्ये चढते. १८ एमबीची २४ होईल. २ जीबीच्या टॅबवर ती कधी चालेल, कधी ब्राउझर बंद पडेल. आणि दोन्हीत गुण आपोआप कुठे साठत नाहीत, पान बंद केलं की गेले.

म्हणून लॅपटॉपलाच सर्व्हर करा. त्याबद्दल 'राउटरवाला' नेमकं सांगतील.

---

राउटरवाला

कोलिब्री वापरा. लर्निंग इक्वॅलिटी या संस्थेने इंटरनेट नसलेल्या शाळांसाठीच बनवलेलं मोफत सॉफ्टवेअर आहे, विंडोजवर चालतं आणि एच५पीच्या फाइल घेतं. रास्पबेरी पाय (तळहाताएवढा स्वस्त संगणक) घ्या असं कोणी सुचवेल. चांगलं यंत्र आहे, पण तुमच्याकडे लॅपटॉप आहे आणि त्याला बॅटरी आहे. पायचा वीजपुरवठा मध्येच गेला की मेमरी कार्डावरची माहिती बिघडू शकते. शिवाय पाय ४ मध्ये स्वतःचं घड्याळ नसतं, नेट नसेल तर तारखा चुकतात आणि अहवालात कोणता तास कधीचा ते कळत नाही. भारनियमन असलेल्या गावात लॅपटॉपच बरा.

घरी, नेट असताना: कोलिब्री स्टुडिओच्या संकेतस्थळावर खाते उघडा (सुरुवातीला ५०० एमबी जागा मिळते, तुम्हाला भरपूर). नवी वाहिनी करा, एच५पी फाइल चढवा, प्रकाशित करा. एक टोकन मिळेल. लॅपटॉपवरच्या कोलिब्रीत ते टोकन घालून वाहिनी उतरवून घ्या. यापुढे नेट लागत नाही. व्हिडिओत दुरुस्ती केली तर पुन्हा प्रकाशित करून पुन्हा उतरवायचं.

शाळेत: हजार-बाराशेचा साधा राउटर पुरे, त्याला इंटरनेट जोडायचं नाही. लॅपटॉप राउटरला केबलने जोडा, आणि केबल राउटरच्या लॅन भोकात, वॅनमध्ये नाही. लॅपटॉपही वायफायवर ठेवला तर प्रत्येक फ्रेम हवेतून दोनदा प्रवास करते आणि निम्मा वेग वाया जातो. हिशेब करा: १२ टॅब गुणिले ४६० केबीपीएस म्हणजे साडेपाच एमबीपीएस. साध्या राउटरला हे जड नाही. अडचण येते ती सगळे एकाच क्षणी 'सुरू' दाबतात तेव्हा. रांगेरांगेने, पाच-पाच सेकंदांनी सुरू करायला सांगा.

राउटरमध्ये लॅपटॉपचा पत्ता कायमचा राखून ठेवा, समजा १९२.१६८.१.१०. टॅबच्या ब्राउझरमध्ये तो पत्ता, मग दोन टिंबं आणि ८०८०. एकदा उघडलं की होमस्क्रीनवर शॉर्टकट करून ठेवा, मुलांना आकडे टाइप करावे लागणार नाहीत.

पान उघडत नसेल तर या क्रमाने बघा. लॅपटॉपवर ते उघडतं पण टॅबवर नाही: विंडोजची फायरवॉल. नेटवर्क 'पब्लिक' दाखवत असेल तर 'प्रायव्हेट' करा आणि कोलिब्रीला परवानगी द्या. काही टॅबवर चालतं, काहींवर नाही: टॅबला 'या वायफायवर इंटरनेट नाही' दिसलं आणि तो दुसरीकडे गेला. 'तरीही जोडलेले रहा' दाबा आणि सिम असेल तर मोबाइल डेटा बंद करा. तासाच्या मध्यावर सगळं एकदम बंद: लॅपटॉप झोपला. झाकण मिटल्यावर आणि वीज गेल्यावरही स्लीप होऊ नये असं पॉवर सेटिंग करून ठेवा.

मुलांची खाती हजेरी क्रमांकाने उघडा, पूर्ण नावं नकोत. 'विद्यार्थ्यांना पासवर्ड हवा' ही खूण काढा, नाहीतर तासातली पहिली दहा मिनिटं पासवर्डमध्ये जातात.

गुणांबद्दल एक महत्त्वाची मर्यादा. एच५पी व्हिडिओ पूर्ण झाला का, किती वेळ लागला हे कोलिब्रीच्या शिक्षक-अहवालात कळतं, पण व्हिडिओतल्या कुठल्या प्रश्नाला कोणी काय निवडलं हे उलगडून दिसत नाही. तुम्हाला तेच हवंय. म्हणून व्हिडिओतले दुसरा, तिसरा आणि चौथा प्रश्न थोडे बदलून स्टुडिओतच सराव-प्रश्न म्हणून बनवा आणि व्हिडिओनंतर चार-पाच प्रश्नांची चाचणी लावा. तिथे मुलागणिक, प्रश्नागणिक उत्तरं दिसतात. मूडल या ऑनलाइन वर्ग चालवायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एच५पीचे प्रयत्न सविस्तर दिसतात हे खरं, पण एका शिक्षकाने लॅपटॉपवर मूडल सांभाळणं जिकिरीचं आहे. तिथे पीएचपीची (मूडल ज्या भाषेवर चालतं ती) मूळची अपलोड मर्यादा २ एमबी असते आणि पहिल्याच फाइलला अडते. तिथेही व्हिडिओच्या शेवटच्या पडद्यावर 'उत्तरे पाठवा' दाबलं नाही तर गुण जात नाहीत. या कामासाठी त्या वाटेला जाऊ नका.

---

चार_रंग

थोडं वेगळं मत मांडते. ३६ मुलांना १२ टॅब म्हणजे एका टॅबवर तिघं. बोट एकाचं, उत्तर एकाचं, बाकी दोघं बघे. अहवालात मात्र तिघांच्या नावावर तेच उत्तर. टॅबवर दोघांहून जास्त मुलं बसवू नका. वर्गाचे १२-१२ मुलांचे तीन गट करा: दोन गट, म्हणजे २४ मुलं टॅबवर (३.५ मिमीचा स्प्लिटर आणि दोन इअरफोन, स्वस्तात मिळतात, बारा व्हिडिओ एका खोलीत मोठ्याने वाजले तर काहीच ऐकू येत नाही), उरलेली १२ मुलं खऱ्या बल्ब-घटांवर. मग अदलाबदल, तिसऱ्या फेरीला तिसरा गट. ती नंतरची चाचणी मात्र प्रत्येकाने एकट्याने, स्वतःच्या क्रमांकाने द्यायची.

आणि टीव्ही विसरू नका. एकाच पडद्यावर संपूर्ण वर्ग असेल तर एच५पीची गरजच नाही, पॉज बटण पुरतं. प्रत्येक मुलाकडे चार रंगांची चार कार्डं द्या, एका पर्यायाला एक रंग. ०:४० ला थांबवा, वीस सेकंद गप्प विचार, मग सगळ्यांनी एकदम कार्ड छातीशी धरून दाखवायचं. वर धरलं की शेजाऱ्याचा रंग बघून उत्तर बदलतं. साधारण तीसपासून सत्तर टक्के उत्तरं बरोबर असतील तर खुलासा करू नका, शेजाऱ्याला पटवून द्यायला दोन मिनिटं द्या आणि पुन्हा कार्डं मागा. हार्वर्डचे एरिक माझुर १९९१ पासून भौतिकशास्त्राच्या वर्गात हीच पद्धत वापरत आले. तीसच्या खाली असेल तर चर्चेत चुकीचंच पसरतं, तेव्हा चुकलेल्यांचा भाग सगळ्यांना दाखवा. सत्तरच्या वर असेल तर पुढे चला. या पद्धतीत मूल कारण बोलून दाखवतं, आणि टॅबवर नेमकं तेच होत नाही. पहिल्यांदा टीव्हीवर कार्डांनी घ्या, उजळणीला टॅब वापरा.

---

आठवी_विज्ञान

हे पटलं. पहिला तास टीव्हीवर घेतो. एक राहिलं: माझ्या वर्गात निम्म्या मुलांची घरची बोली अहिराणी किंवा पावरी आहे. सबटायटल घालावीत का? की पडद्यावर जास्त मजकूर होईल?

---

प्रश्नपेढी

घाला, पण मुलाला चालू-बंद करता येतील अशी. चित्रातच कोरून टाकू नका. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांतून एक गोष्ट वारंवार दिसली आहे: चित्र आणि निवेदन चालू असताना तेच शब्द पडद्यावरही आले तर भाषा चांगली येणाऱ्याला ते अडथळाच होतात. ज्याला प्रमाण मराठी ऐकून पटकन लागत नाही किंवा कमी ऐकू येतं, त्याची गोष्ट वेगळी. त्याला तो मजकूर लागतोच.

पावरीसाठी मात्र सबटायटलपेक्षा आवाज उपयोगी, कारण ती वाचायची सवय मुलांना नसते. चित्र तेच ठेवून निवेदनाची दुसरी पट्टी करा, ती बोली सहज बोलणाऱ्या पालकाकडून किंवा अंगणवाडीताईंकडून. 'विद्युतधारा', 'परिपथ', 'अमीटर' हे शब्द पुस्तकातले तसेच ठेवा, बाकी वाक्यं बोलीत. थांब्यांच्या वेळा बदलू नयेत म्हणून दोन्ही निवेदनं चित्राच्या लांबीत बसवा. तेव्हा मूळ मराठी निवेदनातच दर थांब्याआधी दोन-तीन सेकंद मोकळे सोडून ठेवा.

---

जोडकाम

सबटायटलची तांत्रिक बाजू: फाइल वेबव्हीटीटी प्रकारची, नोटपॅडमध्ये लिहिता येते. सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा, 'एएनएसआय' राहिलं तर सगळी देवनागरी प्रश्नचिन्हं होते. एका वेळी दोन ओळींपेक्षा जास्त नको, ओळीत साधारण ३५ अक्षरं. लुमीत व्हिडिओ जिथे अपलोड केला तिथेच टेक्स्ट ट्रॅकची जागा आहे. पावरीच्या निवेदनासाठी वेगळी एमपी४ करून एच५पीची प्रत काढा आणि प्रतीत फक्त व्हिडिओ बदला. प्रश्न आणि वेळा जशाच्या तशा राहतात. मात्र दोन्ही एमपी४ ची लांबी सेकंदाला सेकंद सारखी आहे ना ते बदलण्याआधी तपासा, नाहीतर २:४० ची उडी भलत्या वाक्यावर पडेल.